काळ्या काचेसाठी डॉक्टरांचा दाखला?

गेल्या आठवड्यात संध्याकाळी दवाखाना आवरत असताना एक परिचित गृहस्थ आले. बाजारपेठेत त्यांचे दुकान आहे, वय अठ्ठावन्न. डोळे दाखवायला आले असतील असे मला वाटले. पण खुर्चीत बसताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आज तपासायचं काही नाही. फक्त एक दाखला पाहिजे होता."

"कसला दाखला?"

"गाडीच्या काचांना काळी फिल्म मारलीय. परवा पुण्याला जाताना पोलिसांनी अडवलं, दंड घेतला. आमच्या मंडळींना उन्हाची अ‍ॅलर्जी आहे. 'काळी काच आवश्यक आहे' एवढं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या, म्हणजे पुन्हा कोणी अडवणार नाही."

असा दाखला मागणारे ते पहिले नाहीत. उन्हाळा सुरू झाला की वर्षाला असे चार-पाच जण येतात. कोणाला उन्हाने डोके दुखण्याचा त्रास असतो, कोणाच्या डोळ्यांचे ऑपरेशन झालेले असते, तर कोणाच्या घरी तान्हे मूल असते. कारणे खोटी नसतात, आणि ऊन तर आपल्या भागात कोणालाच चुकलेले नाही. तरीही मी दाखला देत नाही. त्यांनाही दिला नाही. ते नाराज होऊन गेले. एका माणसाला दवाखान्याच्या दारात उभे राहून सगळे समजावता येत नाही, म्हणून आज या सदरात तोच विषय घेतला आहे.

कायदा काय म्हणतो?

आधी कायद्याचे पाहू, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. पुष्कळांना वाटते की काळ्या काचांवरची बंदी पोलिसांनी अलीकडेच काढली. तसे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ साली केंद्रीय मोटार वाहन नियम झाले. त्यातील नियम १०० गाडीच्या काचांसंबंधी आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे आणि बाजूच्या खिडक्यांच्या काचांतून निदान ५० टक्के, असे तो सांगतो. म्हणजे हा नियम तीस वर्षांहून जुना आहे. तो कोणी पाळत नव्हते आणि पाळायला लावतही नव्हते, ही गोष्ट वेगळी.

पुढे अविषेक गोयंका यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. काळ्या काचांच्या गाड्यांचा गुन्ह्यांसाठी होणारा वापर हा त्यांच्या तक्रारीचा मुख्य भाग होता. २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल लागला. कारखान्यातून गाडी बाहेर पडतानाच काच किंचित रंगीत असेल आणि ७० व ५० टक्क्यांची अट पाळत असेल, तर हरकत नाही. पण नंतर दुकानातून काचेवर काळी फिल्म चिकटवायची नाही, मग ती कितीही टक्क्यांची असो, असे न्यायालयाने सांगितले. ४ मे २०१२ पासून हा आदेश लागू झाला. फिल्म दिसली तर दंड करावा आणि ती काढूनही टाकावी, असा अधिकार पोलिसांना मिळाला. झेड व झेड प्लस सुरक्षा असलेल्या व्यक्तींपुरतीच काय ती सवलत ठेवली गेली.

त्यानंतरही थोडा बदल झाला आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नियमात सेफ्टी ग्लासच्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग', म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेली सुरक्षित काच, हा प्रकार आला. त्याचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असे ग्लेझिंग ग्राह्य धरले. ही बातमी दाखवून काही दुकानदार "आता फिल्म चालते" असे सांगू लागले आहेत. पण त्या निकालातही पुढे-मागे ७० आणि बाजूला ५० ही अट जशीच्या तशी आहे. तेव्हा जी फिल्म लावल्यावर आतला माणूस बाहेरून दिसत नाही, ती कोणत्याही निकालात बसत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड होतो. ज्याने सात-आठ लाखांची गाडी घेतली, त्याला ही रक्कम जड नाही. म्हणूनच "होऊन होऊन काय होईल, पाचशे रुपये जातील" असे लोक सहज बोलतात. माझे म्हणणे असे आहे की पाचशे रुपयांचा हा प्रश्नच नव्हे. हा नजरेचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो आरोग्याच्या सदरात आला आहे.

एक साधा हिशेब

फिल्म विकणारा सांगतो, "साहेब, ही पन्नास टक्केवाली आहे, बाजूच्या काचेला कायद्यात बसते." ऐकणाऱ्याला ते पटते. पण यात एक गोम आहे. फिल्म काही हवेत टांगलेली नसते, ती काचेवर बसते. काच स्वतः थोडा प्रकाश अडवतेच. समजा, आपल्या गाडीची मूळ काच ७० टक्के प्रकाश आत सोडते. त्या सत्तरातले निम्मेच पुढे फिल्ममधून जाणार, म्हणजे उरले ३५ टक्के. बाजूच्या काचेची अटही मोडली. आपल्या गावात जी गडद फिल्म लावतात, ती वीस टक्क्यांची धरली तर ७० चे उरतात अवघे १४. शंभरातला शहाऐंशी टक्के प्रकाश आपण आपल्या हाताने, वर पैसे मोजून, बाहेर अडवून ठेवला.

"पण मला तर आतून स्वच्छ दिसतं!" असे प्रत्येक जण म्हणतो. दुपारी बारा वाजता खरोखरच दिसते. बाहेर इतका प्रकाश असतो की त्याचा सातवा हिस्साही डोळ्यांना पुरतो. बाहुली मोठी होते, दृष्टिपटल जुळवून घेते आणि आपल्याला काही उणे पडल्याचे कळतही नाही. माणूस इथेच फसतो. फिल्म घेताना तो ती दुकानाच्या दारात, भर उन्हात पाहतो. तिची परीक्षा मात्र संध्याकाळी साडेसहाला असते.

वय वाढते तसा डोळा

दिवेलागणीची वेळ डोळ्यांना सर्वांत कठीण. उजेड पुरेसा नसतो आणि पूर्ण अंधारही नसतो. उजेडातून अंधारात गेल्यावर आपला डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे घेतो. गाडी चालवणाऱ्याला तेवढा वेळ कधी मिळतच नाही, कारण समोरून दर मिनिटाला कोणाचा तरी हेडलाइट डोळ्यांवर येतो.

त्यात वयाची भर पडते. तरुणपणी अंधारात बाहुली सात-आठ मिलीमीटरपर्यंत उघडते, साठीत ती पाचच्या आसपास अडखळते. डोळ्यातले भिंगही पिवळसर, दाट होत जाते. दोन्हींचा परिणाम म्हणून साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या मुलाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. ही कोणती व्याधी नव्हे, निरोगी डोळ्यांचीच ही गोष्ट आहे. आता या एक तृतीयांशावर १४ टक्क्यांची काच ठेवा. ढोबळ हिशेबाने विशीतल्या मुलाला उघड्या खिडकीतून जेवढा प्रकाश मिळतो, त्याचा विसावा हिस्सा या माणसाला मिळाला. एवढ्या उजेडात रस्त्याच्या कडेने काळे घोंगडे पांघरून चाललेला मेंढपाळ, शेपटी हलवत उभी असलेली म्हैस किंवा मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली कशी दिसावी?

आणि व्याधी असतील तर बोलायलाच नको. मोतीबिंदू सुरू झाला की समोरचा प्रकाश डोळ्यात विखुरतो आणि कमी उजेडातले बारकावे पुसट होतात. काचबिंदूत बाजूची नजर हळूहळू कमी होते. मधुमेहामुळे ज्यांना पडद्यावर लेसर घ्यावे लागले, त्यांतल्या अनेकांना रात्रीचे कमी दिसते. यांपैकी कित्येकांना आपल्याला असे काही आहे याची कल्पनाच नसते, कारण दिवसा तक्त्यावरची अक्षरे ते बरोबर वाचतात.

परवान्यासाठी जी स्वयंघोषणा आपण भरतो, तिच्यात चांगल्या दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का, असा प्रश्न आहे. तुम्ही-आम्ही सर्वांनी त्यापुढे 'होय' लिहिले आहे. पण ते 'होय' चांगल्या उजेडातले आणि मोकळ्या नजरेचे आहे. काळी फिल्म लावून तिन्हीसांजेला तोच प्रश्न विचारला तर किती जण प्रामाणिकपणे 'होय' म्हणतील?

पुष्कळांना वाटते, पुढची काच साफ ठेवली की झाले, बाजूच्या काचा काळ्या असल्या तर काय बिघडते? यात एक गोष्ट विसरली जाते. गाडीचे बाजूचे आरसे आपण बाजूच्या काचेतूनच पाहतो. काच काळी केली की आरसाही काळा झाला. वळताना, गाडी मागे घेताना, चौकात डावी-उजवीकडे पाहताना आपण बाजूच्या काचेवरच अवलंबून असतो.

मला हे कसे कळले

हे सारे मी पुस्तकातून शिकलो होतो, तरी २००९ साली माझ्या स्वतःच्या गाडीला काळी फिल्म होती. डोळ्यांच्या डॉक्टरच्या गाडीला! उन्हात गाडी गार राहते, दिसतेही बरी, सगळेच लावतात, म्हणून मीही लावली. नियम तेव्हाही होता.

नोव्हेंबर महिना होता. खेड्यातले तपासणी शिबिर आटोपून परत येत होतो. साडेसहा वाजून गेले असतील. एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचे होते. मी डाव्या आरशात पाहिले, काही दिसले नाही आणि वळलो. सायकलवरून शिकवणीला निघालेला दहावीतला मुलगा डाव्या बाजूने येत होता. माझ्या दाराला धडकून तो पडला. वेग कमी होता म्हणून निभावले. उजव्या हाताचे मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर घालावे लागले. सहामाहीचा अभ्यास त्याने डाव्या हाताने पाने उलटत केला.

मुलाचे वडील मार्केट यार्डात हमाली करत. ते येऊन मला चार शब्द बोलले असते तर बरे वाटले असते. ते म्हणाले, "डॉक्टर, काच काळी होती ना, तुम्हाला दिसला नसंल." त्यांनी मला माफ करण्यासाठी दिलेली ती सबब होती. पण ती ऐकली आणि मान खाली गेली. काच काळी मीच केली होती. उपचाराचा खर्च मी केला, त्यात काही विशेष नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये जाऊन फिल्म काढून टाकली. मुलगा पुढे चांगला शिकला, आज नोकरीत आहे, रस्त्यात भेटला की नमस्कार करतो. दर वेळी माझी नजर त्याच्या मनगटाकडे जाते.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली होती, ती मला नंतर उमगली. मी कोणीकडे पाहतो आहे हे त्या मुलालाही दिसत नव्हते. सायकलवाला, पायी चालणारा, रस्ता ओलांडणारी म्हातारी, हे सारे गाडीकडे पाहत नाहीत, गाडीतल्या माणसाच्या तोंडाकडे पाहतात. त्याने आपल्याला पाहिले, मान हलवली, की पाऊल टाकतात. आपल्या गावातले निम्मे चौक सिग्नलवर नव्हे, या नजरानजरेवर चालतात. काळ्या काचेने ती नजरानजरच बंद होते.

उन्हाचे काय?

आता दाखला मागणाऱ्यांची बाजू पाहू, कारण तिच्यात तथ्य आहे. सूर्याच्या अतिनील किरणांचे दोन मुख्य प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यांना 'ए' आणि 'बी' म्हणतात. त्वचा भाजून लाल करणारा 'बी' प्रकार साध्या काचेतही जवळजवळ पूर्ण अडतो. (म्हणूनच बंद गाडीत कितीही ऊन खाल्ले तरी ड जीवनसत्त्व मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.) 'ए' प्रकार मात्र काचेतून बराच आत येतो. त्वचेवर सुरकुत्या आणणे, ती जाड करणे हे त्याचे काम. २०१२ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका चालकाचे छायाचित्र छापून आले होते. त्याने २८ वर्षे मालवाहू ट्रक चालवला होता. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती, कारण तिकडे चालक गाडीच्या डाव्या बाजूला बसतो. आपल्याकडे हा परिणाम उजव्या गालावर आणि उजव्या हातावर होईल. आपल्या एस.टी.च्या व ट्रकच्या जुन्या चालकांचा उजवा हात एकदा निरखून पाहा.

म्हणजे किरण अडवायला हवेत, हे खरे. पण त्यासाठी काच काळी करायला हवी, हे खरे नाही. अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. काच कितपत काळी आहे यावरून ती ते किती अडवते हे कळत नाही. गाडीची पुढची काच दोन काचांमध्ये पारदर्शक थर घालून केलेली असते. ती स्वच्छ असते, तरी 'ए' किरण जवळपास सगळे अडवते. २०१६ मध्ये अमेरिकेत २९ गाड्यांच्या काचांची मोजणी प्रसिद्ध झाली. पुढच्या काचांनी सरासरी ९६ टक्के 'ए' किरण अडवले. बाजूच्या काचांची सरासरी ७१ होती, पण एखाद्या गाडीत ती ४४ पर्यंत खाली आली, तर एखाद्या गाडीत ९६ पर्यंत गेली. दिसायला त्या सगळ्या काचाच. चष्म्यातली पॉलिकार्बोनेटची भिंगेही पाण्यासारखी स्वच्छ असतात आणि तरी अतिनील किरण जवळजवळ पूर्ण रोखतात. रंगाचा आणि संरक्षणाचा संबंध आपण मनाने जोडला आहे. म्हणूनच जत्रेतला स्वस्त काळा गॉगल घेऊ नका असे मी रुग्णांना सांगतो. तो नुसता अंधार करतो, बाहुली मोठी होते आणि किरण आत येतच राहतात.

तेव्हा ज्यांना खरोखर उन्हाचा त्रास आहे, त्यांनी काय करावे? पूर्ण बाह्यांचे सुती कपडे किंवा हातमोजे घालावेत, त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने उन्हाचे मलम लावावे, अतिनील किरण रोखणारा चांगल्या दुकानातला गॉगल वापरावा आणि शक्यतो उन्हाच्या विरुद्ध बाजूच्या सीटवर बसावे. ल्युपससारखा आजार असलेल्यांना किंवा ज्यांच्या त्वचेत रंगद्रव्य जन्मतःच नाही, त्यांना एवढेही पुरत नाही, हे मी मान्य करतो. नवी गाडी घेताना अतिनील किरण अडवणारी मूळ काच कोणत्या गाडीत आहे हे विचारून त्यांनी ती घ्यावी. तशा काचा आज मिळतात, आणि त्या कायद्यातही बसतात. गॉगलचा आणि फिल्मचा फरक एवढाच, की सूर्य मावळला की गॉगल काढून खिशात ठेवता येतो. फिल्म रात्रीही डोळ्यांसमोर राहते.

गाडीतला उकाडा आणि मुले

दुसरे कारण उकाड्याचे. सूर्याच्या उष्णतेचा साधारण निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. साधी रंगवलेली काळी फिल्म ऊन शोषून स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आतच सोडते. थोडा फरक पडतो, नाही असे नाही. पण बंद गाडी उन्हात उभी केली तर ती तापतेच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली याची मोजणी प्रसिद्ध केली. तासाभरात गाडीच्या आतले तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले, आणि यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात बाहेरच चाळीस अंश असतात. पुढचा हिशेब आपणच करावा.

लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील विजयनगरम जिल्ह्यात खेळता खेळता चार मुले उभ्या असलेल्या गाडीत शिरली, दारे लागली, आणि ती चौघेही दगावली. अशा वेळी शेजारून जाणाऱ्याला मूल दिसणे हाच एक आधार असतो. काळ्या काचेआड कोंडलेले मूल दारावर कितीही थापा मारत असले, तरी रस्त्याने जाणाऱ्याला ती गाडी रिकामीच वाटणार. "तान्हे मूल आहे म्हणून काळी काच" असे म्हणणाऱ्या आई-वडिलांनी हा विचार जरूर करावा.

मुलींच्या आणि स्त्रियांच्या सुरक्षिततेचेही तेच. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत ज्या बसमध्ये तो भीषण अत्याचार झाला, तिच्या काचा काळ्या होत्या आणि आत पडदेही होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागून तेव्हा सात महिने उलटले होते. काच साफ असती तर गुन्हा टळलाच असता असे कोणी म्हणू शकत नाही. पण रस्त्यावरच्या कोणाला तरी काहीतरी दिसले असते, एवढे नक्की.

म्हणून दाखला नाही

आता माझ्या परिचित गृहस्थांकडे वळतो. नियम १०० मध्ये डॉक्टरांच्या दाखल्याने सवलत मिळावी अशी तरतूद नाही. मी लिहून दिले तरी तो कागद कायद्यात टिकणार नाही. पण तेवढ्यावरच मी नकार दिला असे नव्हे. समजा, उद्या तशी तरतूद झाली, तरी गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचा प्रकाश कमी करा असे मी कोणत्याही रुग्णासाठी लिहून देणार नाही. त्वचेचा त्रास एकाचा आणि न दिसण्याचा धोका रस्त्यावरच्या सगळ्यांना, हा सौदा वैद्यकात बसत नाही.

ते उठून चालले होते तेव्हा मी त्यांना म्हटले, "आलाच आहात तर डोळे पाहून घेऊ." नको नको म्हणत बसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात झालेली होती. रात्री समोरच्या गाडीचा दिवा आला की क्षणभर काही दिसत नाही, हे त्यांनी तेव्हा कबूल केले. "वाटलं, एल.ई.डी. दिव्यांमुळं होत असेल." महिन्यातून दोनदा ते मालासाठी पुण्याला जातात आणि रात्री उशिरा परत येतात. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. कच्च्या मोतीबिंदूवर काळी फिल्म, त्यावर रात्र. दाखला न मिळाल्याचा त्यांना राग आला तर येवो.

कायदा राबवणाऱ्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. काच किती प्रकाश सोडते हे मोजायचे साधे यंत्र मिळते. ते यंत्र लावून, आकडा दाखवून दंड करावा, म्हणजे चौकात हुज्जत होणार नाही. दुसरे, सुरुवात बड्यांच्या गाड्यांपासून करावी. पुढाऱ्याची काळी गाडी सलाम घेत निघून जाते आणि मागच्या शिक्षकाच्या गाडीची फिल्म भररस्त्यात ओरबाडली जाते, हे लोक रोज पाहतात. मग कायद्याविषयी आदर कोठून राहणार? आम्हा डॉक्टरांच्या गाड्याही त्यात तपासाव्यात. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच-ब्रेक शिकवतानाच काचेचा हा हिशेबही शिकवावा. दंडाने फिल्म निघते आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा लागते. कारण समजले तर माणूस ती पुन्हा लावत नाही.

आपण एवढे करा

गाडीला फिल्म असेल तर काढून टाका. काढताना ब्लेडने खरवडू नका, मागच्या काचेवरच्या बारीक तारा तुटतात. गॅरेजमध्ये गरम हवेने ती अलगद निघते. गाडी सावलीत लावा. उन्हात उभी करावीच लागली तर पुढच्या काचेला आतून चकचकीत पुठ्ठा लावा आणि गाडी सुरू करण्याआधी तो न विसरता काढा. बसण्यापूर्वी चारही दारे मिनिटभर उघडी ठेवा, मग एसी लावा. मूल गाडीत एकटे ठेवून 'एका मिनिटात येतो' म्हणून जाऊ नका, आणि उभ्या गाडीची दारे नेहमी कुलूपबंद ठेवा. काचा आतून-बाहेरून रोज पुसा. धुळीची काचही अर्धी काळीच असते. चाळिशी उलटलेल्या प्रत्येक चालकाने वर्षातून एकदा डोळे, डोळ्यांचा दाब आणि मधुमेह असल्यास मागचा पडदा तपासून घ्यावा. रात्री दिवे पसरट दिसत असतील तर चष्म्याच्या दुकानात नव्हे, डॉक्टरकडे जावे.

आणि फिल्म काढल्यावर पहिल्या संध्याकाळी गाडी सावकाश चालवून पाहा. रस्त्याच्या कडेला किती माणसे असतात, हे तेव्हा लक्षात येईल.